मिलानच्या रग्बी क्लबाच्या वाटण्या

इटलीतील रग्बीच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा इतिहास वर्षानुवर्षांच्या तक्त्यात मांडलेला असतो, आणि त्या तक्त्यात सर्वाधिक विजेतेपदांच्या रकान्यात आजही ‘अमातोरी मिलानो’ हेच नाव सर्वांत वर दिसते. अजिंक्यपदे अठरा. पहिले १९२९चे, शेवटचे १९९६चे. हा क्लब १९९८ साली वरच्या श्रेणीतून नाहीसा झाला. रग्बीच्या देशांत जुने क्लब बुडतात, विलीन होतात, नावे बदलतात. त्यात विशेष काही नाही. परंतु देशातील सर्वांत यशस्वी क्लब, तोही देशातील सर्वांत श्रीमंत शहराचा, शेवटचे अजिंक्यपद जिंकल्यावर अवघ्या दोन वर्षांत संपावा आणि त्या शहराला त्याची फारशी उणीव भासू नये, या गोष्टीने मला बराच काळ विचारात पाडले आहे. खेळ हा माझ्या वाचनाचा विषय आहे, आणि बंद पडलेल्या क्लबांच्या कथा मला जिंकणाऱ्या क्लबांच्या कथांपेक्षा अधिक बोलक्या वाटतात, कारण क्लब म्हणजे नेमके काय, हे तो मोडताना स्पष्ट होते.

इटलीत रग्बी आली ती फ्रान्सच्या बाजूने. फ्रान्समध्ये हा खेळ शिकून आलेल्या स्तेफानो बेल्लांदी यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच मिलानमध्ये तो रुजवण्याची खटपट केली. १९११ साली मिलानच्या एका संघाने व्हुआरों या फ्रेंच गावाच्या संघाशी सामनाही खेळला. युद्धाने ते सारे थांबवले. पुढे १९२७ साली प्रचार समिती स्थापन झाली, १९२८ साली राष्ट्रीय महासंघ उभा राहिला आणि त्याच हंगामात पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती जिंकली मिलानच्या संघाने, मात्र अम्ब्रोझियाना या नावाने. त्या काळी फॅसिस्ट राजवटीने इंटरनॅझिओनाले या प्रसिद्ध फुटबॉल क्लबाला आपले आंतरराष्ट्रीय वासाचे नाव टाकून हेच नाव घ्यायला लावले होते. पुढच्याच हंगामापासून हा रग्बी संघ अमातोरी मिलानो म्हणून खेळू लागला. म्हणजे अठरा अजिंक्यपदांतील पहिलेच मुळी दुसऱ्या नावाचे आहे, आणि क्लबाच्या शेवटाकडे पाहिले तर ही सुरुवात अगदी साजेशी वाटते.

राजवटीचा रग्बीकडे पाहण्याचा दृष्टिकोनही गमतीचा होता. धक्काबुक्की, धाडस आणि सांघिक शिस्त हे सारे गुण तिला हवेहवेसे होते. परंतु खेळ पडला इंग्रजांचा. म्हणून पक्षाचे सरचिटणीस औगुस्तो तुराती यांनी ‘वोलाता’ नावाचा एक देशी खेळ तयार करवून घेतला, ज्यात फुटबॉल आणि रग्बी यांची मोट बांधलेली होती. सरकारी आदेशाने संघ उभे राहिले, सामने झाले आणि काही वर्षांतच तो खेळ कोणाच्या लक्षातही राहिला नाही. रग्बी मात्र टिकली. सरकारने जन्माला घातलेला खेळ मेला आणि सरकारला न आवडणारा खेळ जगला, हे वाचून मला मनापासून बरे वाटले, हे कबूल करायला हरकत नाही.

सुरुवातीच्या काळात मिलानची रग्बी खेळली गेली ती आरेना चिविका या मैदानावर. शहरातील सेंपिओने उद्यानाच्या कडेला असलेले हे लंबवर्तुळाकार प्रेक्षागार नेपोलियनच्या काळात, १८०७ साली, लुइजी कानोनिका या वास्तुविशारदाने बांधले. त्यात पाणी भरून नौकायुद्धाचे देखावेही सादर झाले होते. इटलीच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाने आपला पहिला सामना १९१० साली येथेच खेळला, आणि राष्ट्रीय रग्बी संघाचा मायदेशातील पहिला सामनाही १९३० साली मिलानमध्येच स्पेनविरुद्ध झाला व इटलीने तो ३-० असा जिंकला. म्हणजे रग्बीची इटलीतील पहिली राजधानी मिलान हीच होती, यात शंका नाही.

त्या राजधानीच्या संघाने १९२९ ते १९४६ या काळात झालेल्या सोळा स्पर्धांपैकी चौदा जिंकल्या. उरलेल्या दोन, १९३५ आणि १९३७च्या, रोमच्या संघाला मिळाल्या. १९३८पासून १९४३पर्यंत सलग सहा अजिंक्यपदे, मग युद्धामुळे दोन वर्षांचा खंड, आणि १९४६ साली पुन्हा अजिंक्यपद. आकडे डोळे दिपवणारे आहेत खरे, परंतु त्यांचे वजन करताना थोडे सावध राहिले पाहिजे. खेळणारी शहरे मोजकी होती, खेळाची शिस्तशीर ओळख असलेली त्याहून कमी, आणि मिलानला सुरुवातीची आघाडी मिळाली होती. रिंगणात थोडेच गडी असताना मिळवलेली ही मानाची पदे आहेत. क्लबाचे चाहते यावर रागावतील. तरीही मला १९२९ ते १९४६मधील चौदा अजिंक्यपदांपेक्षा त्यानंतरची पंचेचाळीस वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात, ज्या काळात या क्लबाने काहीच जिंकले नाही.

त्या पंचेचाळीस वर्षांत इटलीची रग्बी मिलानमधून उठून छोट्या गावांत गेली. ईशान्येकडील व्हेनेतो प्रांतात तर ती जणू तिथलीच होऊन राहिली. पो आणि आदिजे या नद्यांच्या मधल्या सपाट, धुकट प्रदेशातले रोविगो हे सुमारे पन्नास हजार वस्तीचे शहर. दिनो लान्झोनी नावाचा एक विद्यार्थी १९३५ साली पादोवाहून लांबुडका चेंडू घेऊन तेथे आला आणि त्या गावाने फुटबॉलला दुय्यम स्थान देण्याइतका हा खेळ आपलासा केला, ही इटलीत दुर्मीळच गोष्ट म्हणायची. १९५१ ते १९५४ सलग चार अजिंक्यपदे रोविगोची. पादोवाच्या पेत्रार्का क्लबाने १९७० ते १९७४ सलग पाच जिंकली. त्रेविझोच्या जुन्या संघामागे बेनेत्तोन हा लोकरी कपड्यांचा उद्योग उभा राहिला. अब्रुत्सोच्या डोंगरातल्या लाक्विलाने १९६७पासून अजिंक्यपदांत आपले नाव कोरले. या सर्व ठिकाणी क्लब हा गावाच्या सार्वजनिक आयुष्याचा भाग होता. मुलगा कोणत्या संघाकडून खेळणार, हा प्रश्न विचारावा लागत नसे. मिलानमध्ये मात्र दोन बलाढ्य फुटबॉल क्लब होते, बास्केटबॉलचा नामांकित संघ होता, नाट्यगृहे होती, कामधंदा होता. अमातोरी या काळात कधी वरच्या श्रेणीत, कधी खालच्या श्रेणीत तग धरून राहिला. तो लोकांना नावाने ठाऊक होता. लोकांचा म्हणावा असा मात्र नव्हता.

अशा क्लबाकडे १९८०च्या दशकाच्या अखेरीस सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांचे लक्ष गेले. बांधकाम आणि खासगी दूरचित्रवाणी यांतून मोठे झालेल्या बेर्लुस्कोनींनी १९८६ साली एसी मिलान हा डबघाईला आलेला फुटबॉल क्लब विकत घेतला होता आणि दोन वर्षांत त्याला इटलीचा विजेता केले होते. त्यानंतर त्यांच्या डोक्यात एक मोठी कल्पना आली. बार्सिलोना किंवा रिआल माद्रिद यांच्याप्रमाणे एकाच छत्राखाली अनेक खेळांचे संघ असावेत, सर्वांना एकच ओळख असावी आणि सर्व आपल्याच वाहिन्यांवर दिसावेत. त्यांच्या फिनइन्व्हेस्ट समूहाने मग व्हॉलीबॉलचा संघ घेतला, बेसबॉलचा घेतला, बर्फावरील हॉकीसाठी डेव्हिल्स नावाचा संघ उभा केला आणि रग्बीसाठी अमातोरीला हाताशी धरले. जर्सीवर समूहाच्या वित्तीय कंपनीचे, मेदिओलानुमचे, नाव आले, आणि पुढे क्लबाला नुसते मिलान म्हटले जाऊ लागले.

पैसा आला तसे खेळाडूही आले. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध अर्थातच ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड कॅम्पीझी. वडिलांकडून इटालियन वंशाचा हा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू, आधी पादोवात पेत्रार्काकडून खेळला होता. १९८८ साली तो मिलानला आला. धावता धावता मध्येच गुडघा न वाकवता लांब पाय टाकून समोरच्याला चकवण्याची त्याची लकब जगभर गाजली, आणि १९९१च्या विश्वचषकात तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा त्याचा क्लब मिलान होता. रग्बी तेव्हा नियमाने हौशी खेळ होता, म्हणजे खेळण्याबद्दल पैसे घेण्यास बंदी होती, आणि तरीही दक्षिण गोलार्धातले नामवंत खेळाडू आपला हिवाळा संपवून दुसऱ्या हिवाळ्यासाठी इटलीतच का येतात, हे विचारण्याच्या फंदात कोणी पडत नसे. रोविगोत दक्षिण आफ्रिकेचा नास बोथा होता, त्रेविझोत न्यूझीलंडचा जॉन कर्वन आणि नंतर ऑस्ट्रेलियाचा मायकेल लायना. आपण रग्बीतले पहिले लक्षाधीश आहोत, अशी फुशारकी कॅम्पीझी मारत असे. ती फुशारकी मला या साऱ्या व्यवहारातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

परंतु नुसत्या पाहुण्यांवर हा संघ उभा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. जुळे भाऊ मार्चेल्लो आणि मास्सिमो कुत्तित्ता हे लातिनाचे, दक्षिण आफ्रिकेत वाढलेले. मार्चेल्लो विंगर, चपळ. राष्ट्रीय संघासाठी त्याने पंचवीस ट्राय केल्या, म्हणजे तितक्या वेळा चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे टेकवला, आणि हा इटलीचा विक्रम आहे. मास्सिमो प्रॉप, म्हणजे स्क्रममध्ये, दोन्ही संघांचे आठ-आठ गडी एकमेकांना रेटतात त्या झुंजीत, पहिल्या रांगेत मान घालून समोरच्या आठ जणांचे वजन पेलणारा. तो सत्तर आंतरराष्ट्रीय सामने खेळला, इटलीचा कर्णधार झाला आणि निवृत्तीनंतर स्कॉटलंडच्या स्क्रमचा प्रशिक्षक म्हणून नावाजला गेला. २०२१ साली कोरोनाच्या साथीत त्याचे निधन झाले. तिसरा दिएगो दोमिंगेझ. अर्जेंटिनातील कोर्दोबाचा, अर्जेंटिनाकडून दोन आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला, इटालियन आजीच्या नात्याने इटलीचा झालेला, अंगाने लहान आणि पायाने अचूक. त्याच्या किकवर पुढची दहा वर्षे इटलीची सारी गुणसंख्या उभी राहिली. कारकिर्दीत त्याने हजाराहून अधिक आंतरराष्ट्रीय गुण मिळवले आणि त्यांतले थोडेच अर्जेंटिनाच्या खात्यावर आहेत.

१९९१ साली मिलानने त्रेविझोला हरवून पंचेचाळीस वर्षांनी अजिंक्यपद मिळवले. १९९३, १९९५ आणि १९९६ सालीही तेच घडले आणि प्रत्येक वेळी अंतिम सामन्यात समोर त्रेविझोच होते. कपड्यांचा कारखानदार विरुद्ध दूरचित्रवाणीचा मालक, असा तो सामना होता, असे कोणी म्हटले तर ते अन्यायाचे होईल, पण फारसे खोटे होणार नाही. या साखळीत एक अपवाद आला, आणि मला तोच सर्वाधिक आवडतो. १९९४च्या अंतिम सामन्यात मिलानसमोर लाक्विला होते. पैशांत, तारांकित नावांत, प्रसिद्धीत कशातच बरोबरी नव्हती. लाक्विलाने तो सामना २३-१४ असा जिंकला. डोंगरातल्या त्या गावाचे हे पाचवे आणि शेवटचे अजिंक्यपद. पुढे २००९च्या भूकंपात लाक्विला उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्या क्लबाचे खेळाडू ढिगारे उपसून माणसे बाहेर काढत होते. नंतर तोही क्लब आर्थिक ओझ्याखाली मोडला, परंतु त्याच्या मोडण्याने एक गाव हळहळले. मिलानबाबत तसे घडले नाही.

१९९४ हे आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षाच्या जानेवारीत बेर्लुस्कोनी राजकारणात उतरले आणि मे महिन्यात पंतप्रधान झाले. अनेक खेळांचा महाक्लब ही कल्पना त्यानंतर हळूहळू विरत गेली. फुटबॉल संघ राहिला, बाकीचे एकेक करून सुटले. त्याच सुमारास, २६ ऑगस्ट १९९५ रोजी, पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने हौशीपणाचे बंधन काढून टाकले. जे चोरून चालत होते ते आता उघडपणे आणि मोठ्या प्रमाणावर करण्याची मुभा मिळाली. म्हणजे रग्बीला पैशांची सर्वाधिक गरज भासू लागली नेमकी त्या वेळी मिलानचा धनी काढता पाय घेत होता.

तरीही संघ दोन-तीन वर्षे आधीच्या वेगावर धावत राहिला. १९९५च्या शरदात युरोपीय चषकाची, हाइनेकन कपची, पहिली स्पर्धा झाली. बारा संघांत इटलीचे दोन: त्रेविझो आणि मिलान. मिलानच्या गटात आयर्लंडचे लेन्स्टर आणि वेल्सचे पॉन्टिप्रिड होते. पुढे युरोपात दबदबा निर्माण करणाऱ्या लेन्स्टरने या स्पर्धेतला आपला पहिलाच सामना मिलानमध्ये खेळला आणि तो जेमतेम, २४-२१ असा जिंकला. तीन गुणांचा फरक. आज लेन्स्टरसमोर इटालियन संघाने तीन गुणांनी हरणे हा मोठा पराक्रम मानला जातो. इटलीच्या राष्ट्रीय संघाने १९९७ साली ग्रेनोबल येथे फ्रान्सला ४०-३२ असे हरवले, तेव्हा त्या पंधरा जणांत दोमिंगेझ आणि दोघे कुत्तित्ता होते. पाच राष्ट्रांची जुनी स्पर्धा २००० साली सहा राष्ट्रांची झाली, त्याला या विजयाचाही हातभार लागला. इटलीला मोठ्या पंक्तीत बसवण्यात या क्लबाच्या खेळाडूंचा वाटा मोठा होता. पंगत बसली तेव्हा क्लब मात्र उरला नव्हता.

१९९७ साली अंतिम सामन्यात त्रेविझोने मिलानला हरवले. दोमिंगेझ पॅरिसच्या स्ताद फ्रांसेकडे गेला आणि पहिल्याच हंगामात फ्रान्सचा विजेता झाला. १९९८ साली उरलेल्या क्लबाचे काय करायचे, हा प्रश्न आला. इटलीत वरच्या श्रेणीत खेळण्याचा हक्क ही स्वतंत्र वस्तू असते. क्लब विलीन झाला की तो हक्क दुसऱ्याकडे जाऊ शकतो. मिलानचा हा हक्क गेला काल्विसानोकडे. काल्विसानो हे ब्रेशा प्रांतातले आठ-साडेआठ हजार वस्तीचे गाव, त्याचा क्लब १९७० साली स्थापन झालेला. आल्फ्रेदो गावाझ्झी या उद्योजकाच्या पाठबळावर तो वर येत होता. हेच गावाझ्झी पुढे राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष झाले. एखाद्या जुन्या एकत्र कुटुंबाच्या वाटण्या व्हाव्यात, तसे या क्लबाचे झाले: खेळण्याचा हक्क एका गावाला, खेळाडू फ्रान्सला आणि व्हेनेतोला, मैदान महापालिकेकडे, आणि अठरा अजिंक्यपदे कोणाच्याच वाट्याला नाहीत. काल्विसानोने २००५पासून स्वतःची सात अजिंक्यपदे मिळवली आणि ती सातच मोजली. मिलानची अठरा आपल्या खात्यात ओढून घेतली नाहीत. यात मला त्या गावाचा स्वाभिमान दिसतो. जुन्या खेळाडूंनी पुढे अमातोरीचे नाव खालच्या श्रेणीत पुन्हा जिवंत करण्याचा प्रयत्न केला, पण तोही टिकला नाही.

बंद पडणाऱ्या क्लबाने आपल्या मागे काय ठेवावे, याचे रग्बीतले सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याकडचे आहे. १८७३ साली स्थापन झालेला कलकत्ता फुटबॉल क्लब, नावात फुटबॉल असले तरी रग्बीचा क्लब, सदस्य घटल्यामुळे चार-पाच वर्षांतच बंद करावा लागला. सभासदांनी बँकेत उरलेले चांदीचे रुपये काढले, ते वितळवून एक चषक घडवला, नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला, आणि तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही दरवर्षी त्या कलकत्ता चषकासाठी झुंजतात. मुंबईत पावसाळ्यात आझाद मैदानाच्या पलीकडे बॉम्बे जिमखान्याच्या चिखलात रग्बी चाललेली पाहताना हा चषक नेहमी आठवतो. कलकत्त्याच्या त्या मंडळींपाशी रुपये थोडे होते, पण ते त्यांचे स्वतःचे होते आणि त्यांचे काय करायचे, हे त्यांनी स्वतः ठरवले. मिलानच्या क्लबात पैसा कितीतरी पटीने अधिक होता, पण तो सभासदांचा नव्हता, आणि शेवटचा निर्णयही त्यांच्या हातात उरला नव्हता.

हा दोष एकट्या बेर्लुस्कोनींचा, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. त्यांच्याशिवाय १९९०च्या दशकातली चार अजिंक्यपदे झालीच नसती आणि कुत्तित्ता बंधू व दोमिंगेझ एका संघात कदाचित आलेही नसते. शिवाय मिलान हे काही एकमेव उदाहरण नाही. २०१० साली व्हियादानात उभा केलेला आइरोनी हा संघ केल्टिक देशांच्या लीगमध्ये दोनच हंगाम खेळला. २०१२ साली महासंघाने त्याचा परवाना काढून घेतला आणि पार्मात झेब्रे हा संघ उभा केला. काल्विसानोनेही २००९ साली खर्च झेपेना म्हणून आपणहून खालच्या श्रेणीत जाणे पत्करले होते. त्या गावाने ते पत्करले, पुन्हा वर आले आणि पुन्हा जिंकले. एका माणसाच्या पाठबळावर संघ उभा राहतो, हा इटलीच्या रग्बीचा जुना आजार आहे. फरक पडतो तो तो माणूस हात आखडता घेतो त्या दिवशी मैदानावर कोण उरते यावर. काल्विसानोत गाव उरले होते.

मिलानला रग्बी आवडत नाही असेही नाही. १४ नोव्हेंबर २००९ रोजी न्यूझीलंडचा संघ मिलानच्या सान सिरो या फुटबॉल मैदानावर इटलीशी खेळला, तेव्हा सुमारे ऐंशी हजार प्रेक्षक आले होते. शेवटच्या दहा मिनिटांत न्यूझीलंडच्या गोलरेषेजवळ स्क्रम पुन्हा पुन्हा लागला, इटलीने जगातल्या सर्वांत दणकट संघाला मागे रेटले, आणि इटली २०-६ असे हरली तरी प्रेक्षक उभे राहून ओरडत होते. ते ऐंशी हजार लोक घरी गेले, आणि पुढच्या रविवारी शहरात वरच्या श्रेणीचा एकही रग्बी सामना नव्हता. एका दिवसाच्या उत्सवाला जमणारी माणसे आणि पावसात पंधरा दिवसांनी एकदा येणारी माणसे वेगळी असतात, हे आयोजकांना आणि महासंघाला चांगले ठाऊक आहे. म्हणून मोठे सामने मोठ्या शहरांत होतात आणि अजिंक्यपद मात्र बहुधा छोट्यांकडे जाते.

अठराचा विक्रम फार काळ टिकेल असे मला वाटत नाही. त्रेविझो पंधरावर आहे, पण २०१०पासून ते आंतरराष्ट्रीय लीगमध्ये गेले आणि देशांतर्गत अजिंक्यपदाच्या शर्यतीत नाही. पेत्रार्काने २०२२ साली चौदावे अजिंक्यपद मिळवले; रोविगोनेही २०१६, २०२१ आणि २०२३ असे करत चौदाचा टप्पा गाठला. पुढची शर्यत या दोघांत आहे, आणि दोन्ही शहरे एकमेकांपासून गाडीने तासाभराच्या आत आहेत. मिलानचा आकडा ओलांडण्याचा मान त्या दोघांपैकी कोणाला मिळावा, असे मला कोणी विचारले, तर मी विचार न करता रोविगो म्हणेन.